वंश, वांशिकता, वंशवाद आणि स्वसंस्कृतिकेंद्रितता: फरक कसा ओळखावा

वंश, वांशिकता, वंशवाद आणि स्वसंस्कृतिकेंद्रितता या चार संज्ञा बातम्यांत, उत्तरपत्रिकांत आणि वादावादीत सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. श्रीलंकेतील सिंहली आणि तमिळ यांच्या संघर्षाला आपण ‘वांशिक’ म्हणतो आणि अमेरिकेतील गोऱ्या-काळ्या भेदालाही ‘वांशिक’च म्हणतो, मग दोन्ही प्रकार एकच आहेत असा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात पहिल्या दोन संज्ञा माणसांची वर्गवारी कशी होते ते सांगतात, तर उरलेल्या दोन त्या वर्गवारीवरून माणसांना जोखण्याची आणि वागवण्याची रीत सांगतात. एवढे भान ठेवले तरी निम्मा गुंता सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी समोर आलेल्या प्रत्येक उदाहरणाला तीन प्रश्न विचारावेत: गटांमधली रेषा कोणी आखली, ती ओलांडण्याची मुभा आहे का, आणि तिच्यामुळे कोणाच्या पदरात काय पडते.

वंश: बाहेरून आखलेली रेषा

वंश म्हणजे शरीराच्या दिसणाऱ्या खुणांवरून, मुख्यतः कातडीचा रंग, केस आणि चेहऱ्याची ठेवण यांवरून, माणसांचे पाडलेले मोठे गट. ही वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे असे अनेकांना वाटते. तिचा इतिहास मात्र फार जुना नाही. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७३५ मध्ये खंड आणि रंग यांनुसार मानवाचे चार प्रकार केले आणि १७५८ च्या आवृत्तीत प्रत्येक प्रकाराला स्वभावही चिकटवला: युरोपीय कायद्याने चालतात, आफ्रिकी लहरीने. पुढे जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान ब्लुमेनबाख याने पाच गट मानले आणि १७९५ मध्ये गोऱ्या गटाला ‘कॉकेशियन’ हे नाव दिले, कारण कॉकेशस परिसरातील लोक त्याला सर्वांत देखणे वाटत होते. आजही शास्त्रीय थाटात वावरणाऱ्या या शब्दाच्या मुळाशी एका माणसाची सौंदर्याची आवड आहे.

जनुकशास्त्राने ही वाटणी उचलून धरलेली नाही. १९७२ मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवून दिले की मानवातील जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच आढळतो आणि तथाकथित वंशांमधील फरकाच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के येतात. कातडीचा रंग विषुववृत्तापासून दूर जाताना हळूहळू उजळत जातो, अमुक एका सीमेवर तो एकदम बदलत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांशी जुळवून घेताना तो घडला आहे. म्हणूनच पॅसिफिक महासागरातील मेलनेशिया बेटांवरील लोक कित्येक आफ्रिकी समूहांइतकेच काळे असले, तरी जनुकीयदृष्ट्या ते त्यांच्यापासून फार दूर आहेत. सिकल सेल हा रक्तदोष अनेकदा ‘काळ्या वंशाचा आजार’ म्हणून सांगितला जातो, पण त्याचे नाते रंगाशी नसून मलेरियाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांशी आहे. त्यामुळे तो ग्रीसमध्ये, अरबस्तानात आणि भारताच्या काही भागांतही आढळतो, तर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील समूहांत तो दुर्मीळ आहे.

यावरून वंश ही निव्वळ कल्पना आहे आणि म्हणून ती सोडून द्यावी, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. जीवशास्त्रात ज्याला आधार नाही ते कायद्यात आणि रस्त्यावर पुरेपूर खरे असू शकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाहेरून आलेल्या माणसाला नागरिकत्व हवे असेल, तर तो गोरा किंवा आफ्रिकी वंशाचा असावा लागे. १९२२ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये जन्मलेले ताकाओ ओझावा यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. आपली कातडी गोरीच आहे हे त्यांचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस त्यात बसत नाही, असा निकाल झाला. अवघ्या तीन महिन्यांनी, १९२३ च्या फेब्रुवारीत, पंजाबात जन्मलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड याच न्यायालयापुढे उभे होते. मानववंशशास्त्रज्ञांच्या वर्गवारीप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन ठरतात, तेव्हा मी गोरा ठरतो, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. या वेळी न्यायालयाने शास्त्रज्ञांनाच बाजूला सारले आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे ठरवले. दोन्ही निकालपत्रे जॉर्ज सदरलँड या एकाच न्यायमूर्तींनी लिहिलेली आहेत. पुढे, आधीच नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्वही काढून घेण्यात आले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर या दोन निकालांत सापडते. वंशाची रेषा ज्याच्या हाती अधिकार आहे तो आखतो आणि गरजेप्रमाणे निकषही बदलतो. नाझी जर्मनीने १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांत ज्यूंना वेगळा वंश ठरवले, पण तो वंश ओळखायला शरीरावर विश्वासार्ह खूण सापडेना. अखेर माणसाचे आजी-आजोबा कोणत्या धर्मसमुदायात नोंदलेले होते ते पाहिले जाऊ लागले. वंश सिद्ध करायचा आणि पुरावा द्यायचा धर्माचा, असा हा कारभार होता.

वांशिकता: आतून जपलेली सीमा

वांशिकता म्हणजे समान पूर्वज, भाषा, धर्म, इतिहास किंवा चालीरीती यांपैकी एका अथवा अनेक धाग्यांनी आपण एकत्र बांधलेलो आहोत अशी एखाद्या समूहाची जाणीव. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी तिचे मर्म नेमके पकडले: रक्ताचे नाते खरोखर आहे की नाही हे गौण, ते आहे हा विश्वास महत्त्वाचा. नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली, ती अशी की समूहाच्या पोटात कोणती संस्कृती आहे हे मोजत बसण्यापेक्षा ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यातील सीमा कशी राखली जाते ते पाहावे. पोशाख बदलतात, भाषेत भर पडते, पण सीमा टिकून राहू शकते. बोस्नियातील सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक एकमेकांची बोली सहज समजतात आणि चेहऱ्यावरून त्यांना वेगळे काढता येत नाही. ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि मुस्लीम या परंपरांनी त्यांच्यातील सीमा आखलेली आहे. तिथे वंशाचा शोध घेणारा वाचक चुकीच्या जागी शोधत असतो.

दोन्ही वर्गवाऱ्या एकमेकींना छेद देऊन जातात, आणि नेमका इथेच गोंधळ सर्वाधिक होतो. नायजेरियातून अमेरिकेत गेलेला इग्बो समाजाचा माणूस, जमैकाहून आलेल्या कुटुंबातील मुलगी आणि ज्याचे पूर्वज गुलाम म्हणून जहाजातून आणले गेले असा माणूस, या तिघांना रस्त्यावरचा पोलीस एकाच वंशात टाकील. परंतु भाषा, आठवणी आणि नातेसंबंध यांच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या वांशिकता आहेत. याच्या उलट, लॅटिन अमेरिकेतून आलेले लोक स्वतःला एका समूहाचे मानत असले, तरी त्यांत इटालियन पूर्वजांचा अर्जेंटिनी असतो आणि आफ्रिकी पूर्वजांचा क्यूबनही असतो. अमेरिकी सरकारलाही या समूहाचे काय करावे हे धड ठरवता आलेले नाही. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वंश म्हणून नोंदला गेला, पुढच्या जनगणनेत तो वगळला गेला, १९७७ च्या नियमांनी ‘हिस्पॅनिक’ ही कोणत्याही वंशाच्या माणसाची असू शकेल अशी वांशिकता ठरवली, आणि २०२४ च्या सुधारित नियमांनी वंश व वांशिकता यांचा एकच प्रश्न करून टाकला. माणसे तीच, रकाने वेगळे.

व्यवहारात एक साधी कसोटी उपयोगी पडते. तो समूह स्वतःला काय म्हणतो आणि इतर त्याला काय म्हणतात, ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडून पाहावीत. समूहाने स्वतः सांगितलेल्या नावामागे बहुधा वांशिकता असते आणि इतरांनी लावलेल्या मोठ्या, ढोबळ नावामागे बहुधा वंश असतो. ‘बहुधा’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. लादलेली ओळख पुढे अभिमानाने मिरवली जाते आणि स्वतःची म्हणून मिरवलेली ओळख कधी सरकारी कागदावर जखडली जाते, हे दोन्ही घडते.

स्वसंस्कृतिकेंद्रितता

आपल्या समूहाला सगळ्यांच्या मध्यभागी ठेवून इतरांना आपल्या मापाने मोजणे, अशी या वृत्तीची व्याख्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी १९०६ मध्ये केली. वृत्ती अर्थातच त्याहून फार प्राचीन आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने इराणचा सम्राट दरायस याची एक हकिकत नोंदवली आहे. दरबारातील ग्रीकांना सम्राटाने विचारले, किती द्रव्य दिले तर तुम्ही मेलेल्या वडिलांचे मांस खाल? कितीही दिले तरी नाही, असे ते म्हणाले. मग त्याने भारताकडील कल्लातिया नावाच्या लोकांना बोलावले, जे मृत आईवडिलांचे मांस खात असत असे हेरोडोटस सांगतो, आणि त्यांना विचारले, किती दिले तर तुम्ही वडिलांना अग्नी द्याल? असले अभद्र बोलू नका, म्हणून त्यांनी आकांत केला. दोन्ही पक्षांना आपली रीत हीच पवित्र वाटते आणि दुसऱ्याची किळसवाणी. मात्र समोरच्याचे रक्तच हीन आहे असे कोणीही म्हणत नाही, आणि कोणी कोणाला सक्तीही करीत नाही. वंशवादाचा लवलेश नसलेली स्वसंस्कृतिकेंद्रितता पाहायची असेल तर याहून स्वच्छ नमुना मिळणार नाही.

आपल्या भाषेचा किंवा रीतींचा अभिमान असणे म्हणजे ही वृत्ती नव्हे. अभिमानाला तुलनेची गरज नसते. ही वृत्ती आपली पट्टी दुसऱ्याला लावल्याच्या क्षणी सुरू होते. शिवाय ती बाळगायला सत्ता लागत नाही. दुर्बळ समूहही बलाढ्य समूहाला मनातल्या मनात असंस्कृत ठरवीत असतो.

ती निरुपद्रवी मात्र नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सतरा लाखांहून अधिक जवानांची बुद्धिमापन चाचणी घेतली. निरक्षर आणि इंग्रजी न येणाऱ्या जवानांसाठी चित्रांची वेगळी चाचणी होती आणि चित्रात काय राहून गेले आहे ते ओळखून काढायचे होते: टेनिसच्या मैदानाला जाळे नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही. ज्याने टेनिस कधी पाहिलेच नव्हते, असा दक्षिण इटलीतील खेड्यातून नुकताच उतरलेला तरुण जाळे कुठून काढणार? इथपर्यंतची चूक स्वसंस्कृतिकेंद्रिततेची होती. परीक्षकांनी स्वतःच्या घरातले जग हेच सगळ्यांचे जग मानले. पण १९२३ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी याच गुणांवरून उत्तर युरोपीय वंश जात्याच अधिक बुद्धिमान असल्याचा सिद्धांत मांडला. स्थलांतरिताने अमेरिकेत जितकी अधिक वर्षे काढली तितके त्याचे गुण अधिक, हे आकडे त्यांच्यासमोर होते. सरावाने आणि परिचयाने गुण वाढतात असा उघड अर्थ काढण्याऐवजी, अलीकडे येणारे लोकच निकृष्ट वंशाचे आहेत असा अर्थ त्यांनी काढला. त्याच काळात, १९२४ च्या कायद्याने, दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या कठोरपणे कमी केली गेली. १९३० मध्ये ब्रिगहॅम यांनी आपले निष्कर्ष मागे घेतले, पण कायदा तसाच राहिला. ‘यांना आमच्या गोष्टी माहीत नाहीत’ हे वाक्य ‘यांच्या रक्तातच बुद्धी नाही’ असे बदलले, तिथे एका संज्ञेची हद्द संपून दुसरीची सुरू झाली.

वंशवाद: रेषा ओलांडता येत नाही तेव्हा

एखाद्या समूहाचे गुणदोष जन्मजात आणि न बदलणारे आहेत असे मानणे, त्यावरून समूहांची उतरंड लावणे आणि त्या उतरंडीप्रमाणे हक्क, संधी वा सुरक्षितता वाटणे, या सगळ्यांची गाठ पडली की त्याला वंशवाद म्हणतात. आपल्याकडे वर्णद्वेष हा शब्दही रूढ आहे, पण वंशवादाला दर वेळी रंग लागतोच असे नाही आणि द्वेषही लागतोच असे नाही.

दुसरा प्रश्न येथे कामी येतो. युरोपात ज्यू माणसाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला की तत्त्वतः त्याच्यावरील निर्बंध संपत. पण १४४९ मध्ये स्पेनमधील टोलेडो शहराने नियम केला की ज्यू पूर्वज असलेल्या ख्रिस्ती माणसाला सार्वजनिक पद मिळणार नाही. धर्म बदलला, तरी रक्त बदलत नाही, असा त्याचा अर्थ. पुढे स्पेनमध्ये ‘रक्तशुद्धी’चे दाखले मागण्याची प्रथाच पडली. धर्मावरून होणारा भेद जन्मावर जाऊन बसला तो असा.

याच्या शेजारी अमेरिकेतील कार्लाइल येथील निवासी शाळा ठेवून पाहावी. १८७९ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत मूळनिवासी मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात आणि मातृभाषा बोलण्यास बंदी असे. तिचे संस्थापक रिचर्ड प्रॅट यांचे धोरण होते की मुलातला ‘इंडियन’ मारावा आणि माणूस वाचवावा. क्रौर्य उघड आहे. तरीही ही मुले आमच्यासारखी होऊ शकतात, हे गृहीतक त्यामागे आहे, आणि म्हणून प्रॅट यांची विचारसरणी प्रामुख्याने स्वसंस्कृतिकेंद्री ठरते. दोन संज्ञांना सौम्य आणि तीव्र अशा पायऱ्यांवर बसवू नये, हे या उदाहरणावरून पटावे. स्वसंस्कृतिकेंद्रितता सक्तीने राबवली गेली तर भाषाच्या भाषा संपवू शकते.

वंशवाद म्हटला की शिवीगाळ करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तो असतोच, पण तेवढ्यावर थांबल्यास तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा गोऱ्या तरुणांनी खून केला. खुनामागचा वंशवाद सर्वांनाच दिसत होता. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने तपासातील हलगर्जीपणाकडे बोट दाखवून पोलीस दलात ‘संस्थात्मक वंशवाद’, म्हणजे कोणा एकाच्या द्वेषातून नव्हे तर संस्थेच्या कारभारातून आणि सवयींतून होणारा भेद, असल्याचा ठपका ठेवला.

कधी कधी तर वंशवाद सूत्रात लपलेला असतो. मूत्रपिंड किती कार्यक्षम आहे हे रक्तातील क्रिएटिनिन या स्नायूंतून येणाऱ्या टाकाऊ द्रव्यावरून गणिताने काढतात; आकडा जितका कमी तितके मूत्रपिंड अधिक निकामी. अमेरिकेत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या सूत्रांत रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर येणारी संख्या वाढवली जाई. २००९ च्या सूत्रात ही वाढ सुमारे १६ टक्के होती. काळ्या लोकांच्या शरीरात स्नायू अधिक असतात, असे गृहीतक त्यासाठी पुढे केले जाई. आता समान वयाचे, समान लिंगाचे आणि क्रिएटिनिनही सारखेच असलेले दोन रुग्ण घ्यावेत. गोऱ्याचा आकडा १८ आला, तर काळ्याचा जवळपास २१ येतो. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत वेळ मोजला जाण्यासाठी आकडा २० किंवा त्याखाली असावा लागतो, म्हणजे एकाचा क्रमांक लागतो आणि दुसरा ‘अजून बरा’ म्हणून घरी जातो. डॉक्टरच्या मनात आकस नव्हता, प्रयोगशाळेतील यंत्राला तर मनच नव्हते. २०२१ मध्ये वंशाचा घटक वगळून नवे सूत्र स्वीकारले गेले, आणि त्यानंतर जुन्या सूत्रामुळे मागे पडलेल्या रुग्णांचा प्रतीक्षाकाळ दुरुस्त करून देण्याचे बंधन रुग्णालयांवर आले.

हेतू तपासण्याचा हट्ट धरू नये, याला आंतरराष्ट्रीय कायद्याचाही आधार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या वंशभेद निर्मूलन करारातील व्याख्या वंश, रंग, कूळ आणि राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ या सर्वांना एकत्र घेते, आणि हक्क हिरावणे हा एखाद्या कृतीचा ‘उद्देश किंवा परिणाम’ असला तरी पुरे मानते. म्हणजे अभ्यासासाठी वंश आणि वांशिकता वेगळ्या ठेवाव्यात, पण अन्यायाची दाद मागताना हा फरक आड येऊ नये, अशी कायद्याची भूमिका आहे.

सत्ता नसलेल्या समूहातील व्यक्ती वंशवादी असू शकते का, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. व्यक्तीच्या मनातील अढीला ‘वांशिक पूर्वग्रह’ म्हणावे आणि जिथे त्या अढीमागे कायदा, पैसा किंवा संस्था उभी आहे तिथे ‘वंशवाद’ हा शब्द वापरावा, हे मला अधिक उपयोगाचे वाटते. कोणाला ही विभागणी मान्य नसल्यास निदान आपण कोणत्या अर्थाने शब्द वापरत आहोत हे आधी सांगावे. वादाचा बराच वेळ वाचतो.

मिश्र उदाहरण कसे सोडवावे

रवांडातील हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, धर्म बहुतांशी एक आणि वस्तीही शेजारी शेजारी. गुरांची मालकी आणि राजदरबाराशी असलेले नाते यांवरून पडलेला हा भेद वसाहतपूर्व काळात काही प्रमाणात लवचीक होता, म्हणजे रेषा ओलांडणारे लोक होते. तुत्सी हे उत्तरेकडून आलेले श्रेष्ठ वंशाचे लोक होत, अशी समजूत युरोपीय राज्यकर्त्यांनी रुजवली आणि १९३० च्या दशकात बेल्जियन प्रशासनाने ओळखपत्रावर प्रत्येकाचा गट छापला. पुढे तो वडिलांकडून मुलाकडे जाऊ लागला आणि वाट बंद झाली. स्वातंत्र्यानंतर हुतू अतिरेक्यांनी तीच समजूत उलटी फिरवून तुत्सींना उपरे ठरवले, आणि १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. म्हणून ‘हा संघर्ष वांशिक की वंशवादी’ असा प्रश्न न करता काळाचे टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्प्याला तिन्ही प्रश्न नव्याने विचारावेत. पहिल्या टप्प्याचे उत्तर तिसऱ्याला लागू पडत नाही.

स्वतः लिहिताना ही शिस्त अशी पाळता येते. आधी कोणत्याही संज्ञेशिवाय घडलेली गोष्ट लिहावी: कोणी, कोणाला, कोणत्या खुणेवरून, काय नाकारले किंवा काय केले. मग समूहाचे नाव घालावे, आणि ते शक्यतो त्यांनी स्वतःला दिलेले असावे. ‘आफ्रिकी’ लिहिण्याऐवजी ‘इग्बो’ लिहिता येत असेल तर तेच लिहावे. वंश हा शब्द जिथे कोणी तरी शरीरावरून किंवा कुळावरून वाटणी केली आहे तिथेच यावा. अखेरीस नाकारण्यामागे कोणते कारण दिले गेले ते पाहावे. ‘तुम्ही आमच्यासारखे वागत नाही’ हे कारण असेल तर स्वसंस्कृतिकेंद्रितता म्हणावे. ‘तुम्ही आमच्यासारखे होऊच शकत नाही’ असे असेल, किंवा कारण न देताही फटका पिढ्यान् पिढ्या त्याच समूहाला बसत असेल, तर वंशवाद म्हणण्यास कचरू नये. हाती असलेल्या माहितीवरून दोन्हींपैकी काहीच ठरत नसेल, तेव्हा पहिल्या पायरीवर लिहिलेली घटना तेवढी ठेवावी आणि संज्ञेची जागा मोकळी सोडावी.